बेकरला स्कीवर जायचंय? आधी सांग, दोर कोणाच्या पाठीवर असणार?

तुझा प्रश्न दोनदा वाचला. तिघं मित्र, सिएटलजवळ रेडमंडला नोकरी, दोन सीझन स्टीव्हन्स पास आणि क्रिस्टल या स्की रिसॉर्टच्या लिफ्टवर स्की केलंय, त्याआधी सह्याद्रीत भरपूर भटकंती, हरिश्चंद्रगडाची नळीची वाट दोनदा. आता मे अखेरच्या लाँग वीकेंडला इथल्या वॉशिंग्टन राज्यातला माउंट बेकर स्कीवर करून यायचाय. तिघांपैकी एकाने ग्लेशियरचा कोर्स केलाय. आणि विचारलंयस की ताई, स्की कुठली घेऊ, एका दिवसात होईल का, आणि उतरताना तर कोणीच दोर बांधत नाही मग दोर न्यायलाच हवा का. मी उलट्या क्रमाने सांगते, कारण शेवटचं तू जाता जाता विचारलंयस आणि सगळ्यात मोठा प्रश्न तोच आहे.

दोर न्यायचाच. जमलं तर दोन न्या, तीस-तीस मीटरचे, वेगवेगळ्या बॅगांत.

माझा टूरिंगचा, म्हणजे लिफ्टशिवाय स्कीवरच चढून स्कीवर उतरण्याचा, चौथा की पाचवा सीझन असेल, आम्ही चौघं बेकरच्या दक्षिण बाजूने ईस्टन ग्लेशियरवरून उतरत होतो. चढताना व्यवस्थित दोर बांधून गेलो, वर पोचलो, फोटोबिटो झाले, दोर गुंडाळला आणि आमच्यात जो सगळ्यात दणकट होता त्याच्या बॅगेत गेला, कारण वजन त्यालाच झेपतं असा सरळ हिशोब. आणि दणकट होता म्हणूनच उतरतानाही तो सगळ्यात पुढे. साधारण आठ हजार फुटांवर एके ठिकाणी त्याने आमच्या चढतानाच्या ट्रॅकपासून जेमतेम पंधरा-वीस फूट डावीकडे वळण घेतलं, बर्फ तिकडे जास्त गुळगुळीत दिसत होता म्हणून, आणि वळणाच्या शेवटी वेग कमी झाला तिथे तो खाली बसल्यासारखा दिसला. पडला असं वाटलंच नाही, बसला असंच वाटलं. मी वर थांबून बघतेय तर हा काखेपर्यंत बर्फात, एक स्की आडवी अडकलेली आणि दुसरा पाय खाली मोकळा लोंबतोय. तो ओरडलाही नाही, एवढंच म्हणाला की माझ्या पायाखाली काही नाहीये. आम्ही तिघं वर उभे, हार्नेस घातलेले, कॅरॅबिनर लटकतायत, सगळ्यांना पुली लावता येते, आणि दोर त्याच्या पाठीवर. ग्लेशियरमधल्या त्या बर्फाखाली लपलेल्या भेगेच्या तोंडाशी.

त्याची ती आडवी स्की अडकली म्हणून तो वाचला. आमच्याकडच्या स्लिंगा एकाला एक जोडून, त्याच्या हार्नेसमध्ये काठीने हूक सरकवून आम्ही त्याला बाहेर ओढला, पाऊण तास लागला. नंतर मी पोटावर पडून आत डोकावले होते. वरून दिसणारं भोक आपल्या घरातल्या परातीएवढं, आणि आत निळं, खाली गर्द निळं, आणि मग काळं. त्या दिवसापासून माझ्याबरोबर जो कोणी येईल त्याला मी पार्किंगमध्येच विचारते, उतरताना दोर कोणाकडे? उत्तर एकच चालतं, सगळ्यात शेवटी उतरणाऱ्याकडे. दोन दोर असतील तर एक शेवटच्याकडे, एक मधल्याकडे. पुढच्याकडे कधीच नाही.

आता हे नीट कळायला हवं की उतरताना लोक दोर का सोडतात. आळस म्हणून सोडत नाहीत. दोराने बांधलेल्या तिघांनी एका लयीत स्की करणं फार अवघड, एक वळला की दुसरा खेचला जातो, आणि खेचला गेलेला माणूस पडला तर बाकीच्यांना घेऊन पडतो. शिवाय लांब स्कीवर वजन पसरतं, वेग असतो, त्यामुळे भेगेवर साचलेला बर्फाचा पूल आडवा ओलांडताना चालणाऱ्यापेक्षा स्कीवाल्याला धोका कमी. हे सगळं खरं आहे आणि मीसुद्धा मे महिन्यात बेकरवरून उतरताना बहुतेक वेळा न बांधताच उतरते. पण त्यासाठी काही गोष्टी पाळाव्या लागतात. चढतानाचा ट्रॅक सोडायचा नाही, भेगा ज्या दिशेने गेल्यात त्यांना काटकोनात जायचं, त्यांच्या लांबीला समांतर कधी नाही, आणि थांबायचं तर भेगांच्या पट्ट्यात थांबायचं नाही. उतार जिथे पोटासारखा फुगून एकदम तीव्र होतो तिथे खालचं बर्फ ताणलं जातं आणि फाटतं, भेगा तिथेच जास्त. वरून ओळखायच्या तर सकाळच्या तिरप्या उन्हात एक पुसट करडी रेघ दिसते, किंवा बर्फ किंचित खचलेलं, चादर मधे झोळीसारखी सैल पडावी तसं. दुपारी ऊन डोक्यावर आलं की ती रेघ दिसत नाही. ढगात तर मुळीच नाही. ढग आले आणि समोरचं दिसेनासं झालं की मीही थांबते आणि दोर परत बांधते, मग उतरायला तीन तास लागोत.

आता तुझं ते वाक्य, एकाने कोर्स केलाय. त्यात तो एकजण खाली गेला तर काय, याचं उत्तर नाहीये. तिघांच्या टीममध्ये एक आत गेला की उरले दोन. त्यातला एक त्याचं वजन तोलत बर्फात टाचा रोवून बसलेला, त्याला हलता येत नाही. म्हणजे अँकर, दोर बांधायचा पक्का आधार, करायला, पुली लावायला, कडेपाशी जाऊन त्याच्याशी बोलायला राहिला फक्त एक माणूस. तो एक माणूस तू असशील, किंवा तुझा ज्याने कोर्स केलेला नाही तो मित्र असेल. म्हणून माझ्या मते तिघांपैकी प्रत्येकाला एकट्याने हे सगळं यायला पाहिजे, हातमोजे घालून, थकलेलं असताना. सिएटलची द माउंटेनीअर्स ही १९०६ सालची संस्था आहे, त्यांच्याकडे ग्लेशियर ट्रॅव्हलचे आणि क्रेव्हास रेस्क्यूचे, म्हणजे भेगेतून माणूस बाहेर काढायचे, कोर्स होतात, गाइड कंपन्याही घेतात. कोणाकडेही कर पण तिघंही करा. आणि कोर्सनंतर घरी सराव. आम्ही सुरुवातीला बागेत झाडाला दोर बांधून, दुसऱ्या टोकाला दगड भरलेली बॅग लावून तीनास एकची पुली, ओढीचा जोर तिप्पट करणारी, ओढायचो, येणारेजाणारे बघत उभे राहायचे. दर सीझनला पहिल्या दिवशी आजही करते, कारण आठ महिन्यांत हात विसरतात.

एक गोष्ट कोर्समध्ये घाईघाईत होते म्हणून इथे लिहिते. बर्फात अँकर म्हणून आपण स्कीच पुरतो. उताराला आडवा चर खणायचा, मांडीएवढा खोल, त्यात स्की आडव्या ठेवायच्या, मधोमध स्लिंग, आणि स्लिंगला बाहेर यायला ओढीच्या दिशेने एक अरुंद खाच. वरून बर्फ तुडवून घट्ट करायचं. इथपर्यंत सगळ्यांना माहीत असतं. पण स्कीच्या कडा स्टीलच्या असतात आणि धार लावलेल्या असतात, वजन आलं की पातळ स्लिंग त्यावर घासून तुटू शकते. म्हणून दोन्ही स्कीचे तळ एकमेकांना लावायचे आणि स्लिंग जिथे कडेवरून वळते तिथे काहीतरी घालायचं, स्किनचा, म्हणजे चढताना स्कीखाली चिकटवायच्या पट्टीचा तुकडा, जाड हातमोजा, स्टफ सॅक, जे हाताशी असेल ते. दुसरं म्हणजे दोर. भेगेच्या तोंडाशी दोर लोण्यात सुरी जावी तसा बर्फात रुततो, मग कितीही पुल्या लावा माणूस वर येत नाही, म्हणून पहिल्यांदा कडेखाली काठी किंवा बॅग सरकवायची, आणि ती स्वतः बांधून ठेवायची, नाहीतर ती त्याच्या डोक्यात पडेल. आणि तिघंच असाल तर दोघांमधल्या दोरात दोन-तीन बटरफ्लाय गाठी मारून ठेवा, पडणाऱ्याचा धक्का बसला की त्या गाठी कडेत अडकतात आणि वरच्याला तोलणं सोपं जातं. मात्र त्याच गाठी नंतर ओढताना आड येतात, त्यामुळे ओढायला शिल्लक दोर वेगळा लागतो. म्हणून तर म्हटलं, दोन दोर.

आता एका दिवसात होईल का. होतं, खूपजण करतात. पण आकडे बघ. बेकरची उंची १०,७८१ फूट म्हणजे ३,२८६ मीटर. ईस्टनच्या बाजूने श्रायबर्स मेडोचं ट्रेलहेड साधारण ३,३०० फुटांवर, म्हणजे सव्वादोन हजार मीटरची चढाई, बूट-स्की-दोर सगळं अंगावर घेऊन. आपली कळसूबाई समुद्रसपाटीपासून मोजली तरी १,६४६ मीटर. आणि मे महिन्यात जंगलातला रस्ता बर्फाने अडलेला असतो, गाडी अलीकडेच लावून तेवढं अंतर वाढतं. इथलं बर्फ म्हणजे काय ते कल्पनेत येत नाही पटकन, बेकरच्या स्की एरियाला १९९८-९९ च्या सीझनला १,१४० इंच पडलं होतं, जवळजवळ २९ मीटर, जगातला रेकॉर्ड मानतात तो. तेवढं पडतं म्हणून मे महिन्यात भेगांवरचे पूल जाड असतात आणि म्हणूनच तो सीझन आहे. जुलैत तेच पूल पातळ होऊन कोसळायला लागतात.

पण एका दिवसात करायचं असेल तर रात्रीच निघायचं, एक-दीडला. हे मी दमछाक कमी व्हावी म्हणून सांगत नाहीये, वेळ पाळायची म्हणून सांगतेय. वसंतात बर्फ दिवसा वितळतं, रात्री गोठतं, परत वितळतं, परत गोठतं, आणि त्यातून जाड साखरेसारखे दाणे होतात, त्याला इथे कॉर्न म्हणतात. पहाटे ते काचेसारखं कडक, स्कीखाली लावलेले क्रॅम्पॉन, धातूचे काटे, करकर वाजतात. ऊन लागलं की वरचा बोटभर थर मऊ होतो, खालचं अजून घट्ट, आणि त्या दीड-दोन तासांत जे स्की होतं ना, त्यासाठीच मी इतकी वर्षं रात्री एकला उठतेय. मग ती वेळ निघून जाते. थर गुडघ्यापर्यंत मऊ होतो, ओलं बर्फ उतारावरून घसरायला लागतं, पुलांचा जोर कमी होतो. ईस्टनची बाजू दक्षिणेकडे तोंड करून आहे, ऊन तिथे लवकर काम करतं. म्हणून माझा नियम, अकरा वाजता जिथे असेन तिथून वळायचं. शिखर वीस मिनिटांवर असलं तरी.

आणि रात्री गोठलंच नाही तर निघायचंच नाही. याला नुसतं तापमान बघून चालत नाही. आकाश निरभ्र असेल तर हवा शून्याच्या थोडी वर असली तरी बर्फाचा पृष्ठभाग उष्णता वर फेकून गोठतो, आणि ढगाळ रात्र असेल तर तेच ढग गोधडीसारखे वर बसतात आणि बर्फ ओलंच राहतं. पहाटे ट्रेलहेडवर काठी मार. टणक लागली तर चल, खचकन आत गेली तर गाडीत बसून परत या, जवळच्या बेलिंगहॅम शहरात नाश्ता करा. मे उजाडेपर्यंत नॉर्थवेस्ट ॲव्हलांच सेंटरचा ॲव्हलांचचा, म्हणजे हिमस्खलनाचा, रोजचा अंदाज थांबलेला असतो, तेव्हा हा निर्णय तुमचा तुम्हालाच घ्यावा लागतो आणि त्यासाठी तीन दिवसांचा ॲव्हलांचचा लेव्हल १ कोर्सही तिघांनी आधीच केलेला पाहिजे. बीकन (गाडलेल्या माणसाचा सिग्नल देणारं-शोधणारं यंत्र), फावडं, प्रोब (बर्फात खुपसून माणूस शोधायची लांब काठी) प्रत्येकाकडे. बीकन विकत घेऊन बॅगेत टाकून येणारे लोक मी बघितलेत, तो अंगावर, जॅकेटच्या आत, चालू करून. गाडलेल्या माणसाला पहिल्या दहा-पंधरा मिनिटांत बाहेर काढलं तरच आशा असते, हेलिकॉप्टर यायला त्याच्या कितीतरी पट वेळ लागतो.

उन्हाळ्यात ॲव्हलांच होत नाही असं कोणी सांगितलं तर १९३९ ची गोष्ट सांग. २२ जुलै, भर उन्हाळा, बेलिंगहॅमच्या कॉलेजचा विद्यार्थ्यांचा ग्रुप बेकरवर, रोमन वॉलच्या खाली डेमिंग ग्लेशियरवर बर्फाचा पट्टा सुटला आणि सहाजण गेले. रोमन वॉल म्हणजे शिखराच्या आधीचा शेवटचा चढ, ३५ अंशांच्या आसपास, आणि तुम्हीही नेहमीच्या वाटेने आलात तर तिथूनच जाणार आहात. आणि खाली भेगा असल्या की लहानसं ॲव्हलांचही जिवावर उठतं कारण ते माणसाला त्यात नेऊन टाकतं. ४ ऑक्टोबर २०२२ ला उत्तराखंडातल्या द्रौपदी का डांडा शिखरावर नेमकं तेच झालं, उत्तरकाशीच्या नेहरू गिर्यारोहण इन्स्टिट्यूटची तुकडी होती, २९ जण गेले. आपल्याकडचे बेसिक-ॲडव्हान्स कोर्स केलेले कितीतरी ट्रेकर त्या संस्थेतून आलेत, ती बातमी आली तेव्हा नाशिकच्या आमच्या जुन्या ग्रुपवर रात्रभर कोणी झोपलं नव्हतं.

रूट म्हणशील तर पहिल्यांदा ईस्टनच. उत्तरेकडचा कोलमन-डेमिंग दिसायला जास्त भारी आहे, १८६८ मध्ये पहिल्यांदा चढणारा एडमंड कोलमन, त्याच्याच नावाचं ग्लेशियर, पण तिथे कोलफॅक्स शिखराच्या खालून आडवं जावं लागतं आणि वर बर्फाचे कडे लटकलेले आहेत, ते कधी तुटतील त्याला वेळकाळ नाही. तिथे खाली पडलेले फ्रिजएवढे तुकडे बघितलेस की कळेल, आणि लोक तिथेच बसून सँडविच खातात. ईस्टनला सुरुवातीला रेलरोड ग्रेड नावाची ग्लेशियरने रचलेल्या दगडमातीची बारीक धार लागते, मग उतार बराच वेळ सौम्य, आणि वर शर्मन क्रेटरच्या काठाने जाताना गंधकाचा वास येतो आणि वाफ दिसते. ज्वालामुखी जिवंत आहे तो, १९७५ मध्ये वाफ एकदम वाढली होती. एकच की दक्षिण बाजूला स्नोमोबाईलला परवानगी आहे, वीकेंडला आवाज आणि पेट्रोलचा वास असतो. म्हणून आणि एकूणच, लाँग वीकेंड सोड, मंगळवारची सुट्टी घे.

सह्याद्रीचं म्हणशील तर त्याचा उपयोग होतो, पाय तयार होतात, अंधारात चालायची सवय होते, घसाऱ्यावर घाबरायला होत नाही. पण सह्याद्री आपल्याला एक सवय लावतो ती इथे मोडावी लागते. तिथे धोका डोळ्यांना दिसतो. कडा दिसतो, दरी दिसते, रॉकपॅच समोर असतो, आपण सांभाळून पाय टाकतो. इथे सगळ्यात धोक्याची जागा सगळ्यात सपाट आणि सुंदर दिसते. आणि लिफ्टवर दोन सीझन केलेलं स्की म्हणजे मशीनने सारखं केलेल्या बर्फावरचं, ते पाठीवर पंधरा किलो घेऊन, पाय भरून आलेले असताना, खडबडीत गोठलेल्या बर्फावर वेगळंच होतं. चढताना किक टर्न घ्यावी लागते, तीव्र उतारावर एक पाय पूर्ण उलटा फिरवून, ती जमत नसेल तर रोमन वॉलखाली रडकुंडीला येशील.

म्हणून यंदा बेकर ठेवू नका, पुढच्या वर्षी ठेवा. यंदा मार्च-एप्रिलमध्ये चांगल्या हवेत माउंट रेनियरवर पॅराडाइजपासून कॅम्प म्यूरपर्यंत जा, ५,४०० फुटांवरून १०,१८८ फुटांवर, नेहमीच्या वाटेवर भेगा जवळपास नाहीत पण चढाई भरपूर. जाताना कंपासचे बेअरिंग लिहून घ्या आणि फोनमध्ये ट्रॅकही ठेवा, कारण ढग उतरले की त्या पांढऱ्या उतारावर लोक नकळत एका बाजूला निस्क्वाली ग्लेशियरकडे किंवा दुसऱ्या बाजूला पॅराडाइज ग्लेशियरकडे भरकटतात. मग मेमध्ये माउंट सेंट हेलेन्स, परमिट आधी काढावं लागतं, वर्म फ्लोजच्या वाटेने साडेपाच हजार फुटांच्या वर चढाई आणि तेवढंच मोठं उतरणं. मदर्स डेला तिथे लोक झगे घालून चढतात, बायका-पुरुष सगळे, मजा असते. फक्त वर क्रेटरच्या काठावर बर्फाचा छज्जा बाहेर आलेला असतो, खाली आधार नसतो, फोटोसाठी पुढे जायचं नाही. हे दोन नीट झाले, कोर्स झाले, बागेत झाडाला दोर ओढून झाला, की मग बेकर.

राहिली स्की. तुझ्या उंचीएवढी किंवा थोडी कमी, पायाखाली नव्वद-पंचाण्णव मिलिमीटर, पिन बाइंडिंग (टूरिंगसाठीचं, चढताना टाच मोकळी सोडणारं), वापरलेलीही चालेल. पैसे बुटात घाल, बूट पायाला फिट करून देणाऱ्या माणसाकडे तासभर बस, कारण बुटाने पाय सोलला तर चार हजार फुटांवरूनच परत यावं लागतं. स्किन्स थांबलात की जॅकेटच्या आत छातीशी ठेवायच्या, गार आणि ओल्या झाल्या की गोंद धरत नाही आणि रात्री तीनला त्या टेपने बांधत बसावं लागतं. स्कीचे क्रॅम्पॉन विसरू नकोस, पहाटेच्या काचेवर त्यांच्याशिवाय एक पाऊल पुढे जात नाही. आणि एप्रिलमध्ये एखाद्या शनिवारी तिघंही हार्नेस घेऊन तुमच्या रेडमंडच्या मेरीमूर पार्कात या, मी दोर आणि जुन्या स्कीचा एक जोड आणते, पुरायला.